अँटवर्पवाले

नेत्राने माइक अब्दुस्समदच्या हातात दिला तशी त्याची बायको जहुरा सीटवर सावरून बसली. बस अजून शहरात पुरती शिरलीही नव्हती. काचेबाहेर कंटेनर, क्रेन, पुन्हा कंटेनर असंच चाललं होतं. नेत्रा ही टूर कंपनीची मुलगी, मूळची अलिबागची, बसमधल्या सगळ्यांना काका-काकू म्हणणारी आणि या दोघांना मात्र आवर्जून चाचा-चाची म्हणणारी. चाचा पूर्वी बोटीवर होते आणि त्यांची बोट वर्षानुवर्षं अँटवर्पला लागायची, हे तिने ॲमस्टरडॅमलाच कुणाकडून तरी काढून घेतलं होतं. कुणाकडून म्हणजे जहुराकडूनच. नाश्त्याच्या टेबलावर उकडलेलं अंडं सोलता सोलता जहुराने स्वतःच्या तोंडाने सांगितलं होतं की आमच्या आगरदांड्यात ह्यांना अब्दुस्समद म्हणून कुणी ओळखत नाही, अँटवर्पवाले म्हणतात. आता नेत्रा म्हणत होती, आज मी गाइड नाही, आज आपल्याला चाचा शहर दाखवणार. टाळ्या झाल्या. मागच्या सीटवरचा उरणचा काळूराम, ज्याचे ट्रक तिकडच्या बंदरावर चालतात, त्याने तर शिट्टी वाजवली. अब्दुस्समदने माइक तोंडाजवळ नेला, लांब केला, पुन्हा जवळ नेला. "थंडी असते इथं," तो म्हणाला. मग बराच वेळ माइकमधून इंजिनाचीच घरघर येत राहिली. "गाव चांगला हाय," तो म्हणाला, आणि माइक परत केला. लोक हसले. किती साधा माणूस, असं कुणीतरी म्हणालं. जहुराला हसू आलं नाही. या गावाबद्दल बोलायला लागला की ज्याला जेवायला उठवावं लागायचं, तो माणूस थंडीवर आटपतो म्हणजे काय?

कारण ती त्याच्या बोलण्यावर जगली होती. हे तिने कधी कुणाला सांगितलं नव्हतं, सांगण्यासारखं नव्हतंही. लग्न झालं तेव्हा ती खाडीपलीकडच्या दिघीहून लाँचमध्ये बसून आगरदांड्याला आली, आणि तेवढाच तिचा प्रवास. तो बोटीवर जायचा, वर्षाने सुट्टीवर यायचा, ट्रंकेतून साबणं, दुधाचे डबे, बायकांसाठी नायलॉनची ओढणी निघायची. पडवीत माणसं जमायची. जहुरा आत भाकऱ्या थापत कान बाहेर लावून असायची, आणि सगळे पांगले की तिची पाळी. मग, काय काय पाहिलंत, असं ती विचारायची, आणि तो पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगायचा. चौक, चौकाभोवती उंच उंच टोकदार घरं, त्यांच्या माथ्यावर सोन्याचे पुतळे. देवळासारखं त्यांचं मोठं चर्च, त्याचा मनोरा इतका उंच की बोटीवरून गावाच्या आधी तोच दिसतो. चर्चच्या मागच्या गल्लीत पाववाली, जाडजूड, कोपरापर्यंत पिठाने माखलेली, जी त्याच्या खिशात साखरेचे खडे लावलेला पाव कोंबायची आणि पैसे घ्यायची नाही. आणि तो बोगदा. नदीच्या खालून चालत पलीकडे जायचं, वर बोटी चालल्यात, खाली माणसं चाललीत. हा बोगदा आगरदांड्यात कुणी मानला नाही. रोज लाँचने खाडी ओलांडणारी माणसं ती. त्यांनी विचारलं, कपडे भिजत नाहीत काय? बोटीवरची माणसं फेकतात, असं तिची नणंद भर लग्नात म्हणाली, तर जहुरा अख्ख्या लग्नात तिच्याशी बोलली नाही. बोगदा तिने नवऱ्यापेक्षा जास्त लढवला होता. पाववालीबद्दल मात्र ती चकार शब्द काढायची नाही. तो गेला की महिनोन् महिने तिला त्या बाईचे दंड दिसायचे. घारे डोळे, हनुवटीवर तीळ, हे तिने आपल्या मनानेच लावून टाकलं होतं. सवतीशी भांडावं तशी ती त्या बाईशी मनातल्या मनात भांडली, आणि भांडता भांडता तिने सासू सांभाळली, मुझम्मिलला वाढवलं, घरावर पत्रे चढवून घेतले. खरं सांगायचं तर त्या भांडणाचा तिला आधारच होता.

म्हणून जेव्हा मुझम्मिलने दोहाहून या टूरचं ठरवलं आणि अब्दुस्समदने नको नको म्हणायला सुरुवात केली, तेव्हा जहुराला आतून बरंच वाटलं होतं. घाबरला, ती मनात म्हणाली. गुडघे दुखतात, थंडी सोसत नाही, या वयात कशाला, असं काय काय त्याने काढलं. मुझम्मिल ऐकेना. अब्बांनी बोलून बोलून दाखवलेलं गाव आम्मीने डोळ्यांनी बघायचंच, म्हणून मी मुद्दाम अँटवर्पची टूर शोधली, असं त्याने व्हिडिओवर सांगितलं, आणि सून सादिया पोराला कडेवर घेऊन जहुराच्या बाजूला उभी होती ती म्हणाली, आम्मी, तुम्ही बघून या, मग मी दोहा बघीन. तिचं दोहा गेली काही वर्षं पुढे पुढे जात होतं. मुझम्मिलला ऑफिसातून मोठा फ्लॅट मिळाला की तो बोलावणार होता. आत्ताच्या खोलीच्या खिडकीतून म्हणे समुद्र दिसतो. जहुराने ते गावभर सांगितलं होतं. सगळ्या मोहल्ल्याने त्यांना जेटीपर्यंत पोचवलं, तिथून जीप. चाचा, बोगद्याचा फोटो पाठवा, असं जो तो म्हणत होता, आणि चाचा मान हलवत होता. जहुरा त्याच्याकडे तेव्हाही पाहत होती, पण पाववालीच्या दृष्टीने. दुसऱ्याच कशाची भीती धरायला हवी होती हे तिला आता, बसमध्ये, माइक परत गेल्यावर वाटायला लागलं.

नेत्राने माइक घेऊन आपलं नेहमीचं सांगायला सुरुवात केली होती. नदीचं नाव, बंदर किती जुनं, हिऱ्यांचा बाजार, त्यात आपले पालनपुरी व्यापारी किती. मग ती म्हणाली की या नदीखालून पायी जायचा एक बोगदा आहे, खाली उतरायला जुने लाकडी सरकते जिने आहेत, आपल्या कार्यक्रमात नाही पण मोकळ्या वेळात हौस असेल त्यांनी जावं. जहुराने सीटचा दांडा घट्ट धरला. आहे. बोगदा आहे. नणंद आता कबरीत होती, नाहीतर जहुराने बसमधूनच तिला फोन लावला असता. तिला इतका आनंद झाला की तिने नवऱ्याच्या मांडीवर थाप मारली, चार लोकांत, जे तिने जन्मात केलं नव्हतं. अब्दुस्समद आपल्या बुटांकडे बघत होता. त्याच्या कपाळाला घाम होता आणि बसमध्ये थंडी होती. "मी बसमध्येच बसतो," तो हळूच म्हणाला. "तू जाऊन ये या लोकांबरोबर." आनंद आला तसा तिच्या पायांतून खाली निघून गेला. खरा बोगदा, आणि तो बघायला नको असलेला माणूस. हे दोन्ही तिच्या डोक्यात एकत्र बसेना.

ड्रायव्हर बस बंद करून जाणार होता, त्यामुळे त्याला उतरावंच लागलं. चौकात पोचेपर्यंत जहुरा त्याच्या अर्धं पाऊल मागे चालली, तो कुठे बघतो ते बघत. ओळखीच्या गावात माणूस असा चालत नाही. आगरदांड्यात कुणी पाहुणा आला की तो जसा प्रत्येक वळणावर पुढच्याची पाठ शोधतो, तसा अब्दुस्समद नेत्राची लाल छत्री शोधत होता. चौक होता. टोकदार घरं होती, माथ्यावर सोनेरी पुतळे होते, सगळं त्याने सांगितलं तसं, आणि तो तोंड किंचित उघडं टाकून वर बघत होता. लोक मोबाइल काढून फोटो घेत होते. एवढ्यात काळूराम पँटचा पट्टा सावरत आला, त्याची बायको गोदूबाई मागे. "चाचा, तुमी तं हितले जुने. मुतारी कंच्या बाजूला हाय?" पंचवीस वर्षं हे गाव सांगणाऱ्या माणसाला मुतारी विचारली होती, यापेक्षा सोपी परीक्षा कुठली. अब्दुस्समदने चौकावरून नजर फिरवली, मग चर्चच्या बाजूला हात केला, ठाम, बोटीवरच्या माणसासारखा. दोघं गेली. जहुरा मनात दुआ करत राहिली की या मुलखातल्या लोकांनी तिकडे एक मुतारी बांधलेली असू दे. ती दोघं चर्चला आख्खा फेरा घालून उलट बाजूने परत आली, गोदूबाई लंगडत. आता तिथं काचेचं दुकान झालंय, काळूराम हसत म्हणाला, चाचांच्या वेळची गेली असंल मोडून. मग तो एका हॉटेलात शिरला. त्याच्या मनात काही नव्हतं. पण त्याने इतक्या सहज सांभाळून घेतलं याचीच जहुराला लाज वाटली, जणू तिच्या घरातली फाटकी चादर परक्याने पाहिली आणि दुमडून ठेवली.

मोकळा वेळ मिळाला. पाच वाजता बस, जिथे उतरलो तिथेच, कुणी उशीर करायचा नाही, नेत्राने दोनदा बजावलं. जहुरा सरळ तिच्याकडे गेली आणि बोगदा कुठे ते विचारून आली: नदीपर्यंत सरळ, मग डावीकडे, छोट्या चौकात विटांची इमारत. नवऱ्याला तिने विचारलं नाही. त्याच्यासमोर दुसऱ्याला वाट विचारली, हे त्याला कळलं आणि आपण ते मुद्दाम केलं हे तिलाही कळलं. "चला," ती म्हणाली. तो मुकाट मागून आला. सबंध आयुष्यात ती त्याच्यापुढे कधी चालली नव्हती. मागून त्याच्या बुटांचा आवाज येत होता आणि तो बंद पडेल की काय असं तिला सारखं वाटत होतं. तिला खरं कळायला हवं होतं आणि कळायला नकोही होतं. कळलं तर घरी जाऊन मोहल्ल्याला काय तोंड दाखवायचं हा प्रश्न होताच, पण तो लहान होता. मोठा प्रश्न असा की मग आपण इतकी वर्षं कुणाबरोबर संसार केला.

विटांच्या इमारतीत लाकडी जिना होता, पट्ट्यापट्ट्यांचा, खडखड करत आपोआप खाली जाणारा. जहुराने अल्लाचं नाव घेऊन पाय ठेवला. वळून बघते तर अब्दुस्समद वरच उभा. त्याचे डोळे मोठे झाले होते. तो त्या सरकणाऱ्या लाकडाकडे बघत होता, एकदा वाकून त्याने पट्टीला बोटही लावलं. बहात्तर वर्षांच्या त्या तोंडावर इतकं खरंखुरं नवल होतं की जहुराला आणखी काही विचारायची गरज उरली नाही. खोटं बोलता येतं, पण असं चकित होता येत नाही. पाठीमागून सायकली धरून आलेली दोन पोरं थांबली होती, तेव्हा तो कसाबसा जिन्यावर चढला. खाली बोगदा होता, गोल, पांढऱ्या टाइल्सचा, सरळ, टोक न दिसणारा. हवा गार आणि बंद. दोघं चालायला लागली. डोक्यावर नदी आहे, हे जहुराला एकदम आठवलं आणि तिने मान खाली घातली.

"मी कवा उतरलोच नाय, जहुरा," तो म्हणाला. बोगद्यात आवाज घुमत होता म्हणून तो कुजबुजल्यासारखा बोलत होता.

ती चालत राहिली. मग तोच सांगत गेला, सायकली गेल्या की थांबून, पुन्हा सुरू करून. तो भंडारी होता, म्हणजे खलाशांचं जेवण करणारा. बोट धक्क्याला लागली की सगळे उतरायचे, पण आपली कोकणातली माणसं बाहेरचं खायची नाहीत, हलाल नाही म्हणून. कोण दुपारी परतायचा, कोण पहाटे, आणि परतला की भुकेला. त्यांचं भांडं चुलीवर राहिलं पाहिजे. भंडाऱ्याने उतरायचं कधी? खलाशांचा मुकादम, म्हणजे सारंग, म्हणायचा, पुढच्या खेपेला जा. पुढच्या खेपेला दुसरा सारंग. धक्का तसा गावापासून लांबच, डेकवरून तेवढा मनोरा दिसायचा. पण येणारा प्रत्येक जण ताटावर बसून बोलायचा. कुणी चौक पाहिलेला, कुणी बोगदा, कुणाला पाववालीने पाव दिलेला. घरी जाऊन ती माणसं यातलं काही सांगायची नाहीत, त्यांना लपवायचंही बरंच असायचं. "माझ्याकडं सगळं जमायचं," तो म्हणाला. "पयल्या सुट्टीला तू इचारलंस, काय पायलंत म्हणून. मी काय सांगणार होतो? कांदा?"

जहुराला राग आला. असा राग तिला त्याच्यावर कधीच आला नव्हता, तो सासूच्या आजारपणात आला नाही तेव्हाही. लोकांसमोर फजिती झाली याचा तो नव्हता. ती पाववाली तरी खरी असायला हवी होती. जिच्याशी भांडण्यात तिची उमेदीची वर्षं गेली, ती बाई कुणा भलत्याच खलाशाची निघाली होती, आणि तिचा नवरा तेव्हा काय करत होता, तर भाताचं पाणी काढत होता. ती आगरदांड्यात चुलीपुढे, तो इथे चुलीपुढे, आणि दोघंही मनाने त्या चौकात, जो दोघांनीही पाहिला नव्हता. निदान एकाने तरी बाहेर पडायचं होतं. हे ती त्याला म्हणालीसुद्धा, जवळजवळ ओरडून: "तुमी तरी बाहेर पडायचं होतं." तिचा आवाज टाइल्सवरून पुढे गेला. समोरून येणाऱ्या बाईने दचकून कुत्र्याची दोरी जवळ ओढली. अब्दुस्समद खाली मान घालून चालत राहिला. त्याला इतकं म्हातारं तिने पाहिलं नव्हतं, आणि रागातच तिने त्याच्या कोपराला धरलं, कारण त्याचा पाय अडखळत होता.

पलीकडचे जिने चढून ती वर आली तेव्हा समोर गवत होतं, बाक होते, आणि नदीच्या पार आख्खं शहर मनोऱ्यासकट उभं होतं. साडेचार वाजून गेले होते. परत जायला हवं होतं. नेत्रा माणसं मोजत असेल, काळूराम काहीतरी विनोद करत असेल. तेवढ्यात जहुराच्या पर्समधला फोन वाजला. मुझम्मिल. आज शुक्रवार, त्याची सुट्टी. व्हिडिओवर त्याचा चेहरा नेहमीसारखा जवळून, पडदाभर, मागे थोडी भिंत. आम्मी, पोचलात काय, अब्बा कुठे, बोगदा दाखवा, पाववालीची गल्ली दाखवा, असं तो एका दमात विचारत होता. जहुराने ठरवून टाकलं. कशाला मोडायचं पोराचं? तिने फोन शहराकडे धरला आणि बोट करून सांगायला लागली, तो बघ मनोरा, त्याच्या मागंच ती गल्ली, तुझे अब्बा मना आत्ताच... आवाज इतका सराईत निघाला की ती स्वतःच दचकली. मुझम्मिल लहान असताना तिनेच त्याला हे सगळं ऐकवलं होतं, नवऱ्याच्या शब्दांत, बाप समोर नसताना बाप असावा म्हणून. अब्दुस्समदने तिच्या हातातून फोन घेतला.

"बाळा, मी या गावात पयल्यांदा आलोय," तो म्हणाला. "आजच. तेव्हा बोटीवरच असायचो, चुलीपाशी. ते सगळं दुसऱ्यांनी सांगितलेलं."

फोन अडकला असं जहुराला वाटलं, पण मुझम्मिलच्या पापण्या हलत होत्या. तो हसेल, किंवा रागावेल, किंवा जाऊ द्या अब्बा म्हणेल, असं तिने तीन तऱ्हेने मनात धरून पाहिलं. त्याने विचारलं, "आम्मीला ठाव हाय?" आत्ताच सांगितलं, अब्दुस्समद म्हणाला. "मग आम्मी काय म्हणाली?" इथेच आहे, तूच विचार, असं म्हटलं तरी मुझम्मिल तिच्याशी बोलेना, बापालाच पुन्हा विचारत राहिला, लय रागावली काय, रडली काय, आता तुमच्याशी बोलते काय. त्याच्या आवाजात बापाची काळजी नव्हती. दुसरीच कसलीतरी घाई होती, दार लोटून बघणाऱ्या माणसासारखी. जहुराचा राग एका क्षणात कुठल्या कुठे गेला आणि त्या जागी भीती आली, थंड, ओळखीची. इतकी वर्षं फोनवर हा पोरगा एवढाच दिसत आलाय. चेहरा आणि मागे वीतभर भिंत. समुद्र दिसणारी खिडकी त्याने कधी दाखवली नव्हती आणि आपण मागितली नव्हती. ती आपण मोहल्ल्यात वाटून मोकळे झालो.

तिने फोन परत घेतला. "मुझम्मिल, फोन फिरव," ती म्हणाली.

"काय आम्मी?"

"तुझी खोली दाखव मना."

नेट बरोबर नाही, मी नंतर करतो, असं तो पुटपुटला. तिने फोन ठेवला नाही, तोही ठेवू शकला नाही. मग भिंत हलली. लोखंडी खाटा दिसल्या, एकावर एक, ओळीने. मधे बांधलेल्या दोरीवर कपडे. खिडकीला आतून पुठ्ठा लावलेला. एक जण तोंडावर टॉवेल घेऊन झोपला होता. दुसरा बनियनवर बसला होता तो पडद्यावर बाई बघून गडबडला, शर्ट छातीशी धरून म्हणाला, सलाम आलेकुम, चाची. जहुराने सलाम घेतला, जेवलात काय रे सगळे, असं विचारलं. जेवलो, तो म्हणाला. मग मुझम्मिलचा चेहरा परत आला, बारीक, उतरलेला. किती दिवस झाले, ऑफिसाचं काय झालं, होतं तरी का, हे सगळे प्रश्न तिच्या ओठांवर आले आणि तिने ते गिळले.

"आम्मी, सादियाला..."

"तिला मी नाय सांगणार," जहुरा म्हणाली. "तू सांगशील. आत्ता. ती पोराला घेऊन तिथं बसलीय, तिच्या डोळ्यांपुढं ती खिडकी हाय. जेवढी वर्षं बसंल तेवढी ती खिडकीच मोठी होईल. मी ठेवते."

आणि तिने खरंच फोन बंद केला. ती बाकावर बसली, अब्दुस्समद उभाच राहिला. नदीवरून एक लांबलचक बोट चालली होती, तिच्या मागच्या अंगाला दोरीवर कुणाचा तरी शर्ट वाळत होता. आपण फार कडक बोललो. पोरगा एकटा आहे, त्या खाटेवर बसून काय करून घेईल, कुणी सांगावं. सादिया काय म्हणेल, फोन आपटेल, माहेरी निघून जाईल. जाऊ दे, जायचं तर जाऊ दे, पण तिला कळून जाऊ दे. पाच वाजले असावेत. पलीकडच्या मनोऱ्यातून घंटा वाजू लागल्या आणि बराच वेळ वाजत राहिल्या. बस निघाली असेल किंवा खोळंबली असेल. जहुराला राहवेना. एवढंच म्हणावं की बाळा, मी रागावले नाही. तिने नंबर लावून फोन नवऱ्यापुढे धरला, कारण तिच्या डोळ्यांना अक्षरं लागत नव्हती. अब्दुस्समदने पडद्यावरचं इंग्रजी सावकाश वाचलं.

"दुसऱ्या फोनवर बोलतोय," तो म्हणाला.